हंगामाचा सण, मनामा

खोली क्रमांक सात आम्हाला मिळते
शुक्रवारी सव्वाअकरा ते साडेबारा.
आधी तमिळ मंडळी, नंतर फिलिपिनो.
खुर्च्या सगळ्यांच्या त्याच;
आधीच्यांच्या उबेवरच आपण बसतो.

इथे कोणी पेरत नाही, कापत नाही.
तरी नोव्हेंबर लागला की
शलमोनकाका उजागरे फोनवर फोन करतात :
"हंगामाचा सण आहे. रिकाम्या हाताने येऊ नका."

मग टेबलावर येतं आमचं पीक.
सुपरमार्केटातला भोपळा, किमतीची चिठ्ठी न काढलेला,
सहा अंडी, खजुराचा डबा,
आणि प्रफुल्लताने बाल्कनीत
दुधाच्या डब्यात वाढवलेली कोथिंबीर, नऊ काड्या.
(दहा होत्या म्हणते. एक नवऱ्याने पोह्यांवर घातली.)

लिलाव काका करतात,
जालन्याच्या आठवडी बाजारातल्या आवाजात.
बाराशे फिल्सचा भोपळा चार दिनारला सुटला.
कोथिंबिरीवरून दोन वेल्डर हातघाईवर आले,
आणि ज्याने नऊ दिनार मोजले
त्याने एकेक काडी वाटून टाकली,
नुसती हुंगायला.

वही माझ्याकडे असते :
वस्तू, आणणारा, घेणारा, रक्कम.
यंदा मी काहीच आणलं नव्हतं.
मार्चपासून माझी प्रार्थना म्हणजे ओठ हलवणं.
आईला मातीत ठेवलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते,
आणि ऐन वेळी कुणाचा तरी अंगठा
कॅमेऱ्यावर आला.
त्या अंगठ्यासाठी उपकारस्तुती कशी करतात
हे संडे स्कूलमध्ये शिकवलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी याकोब घाटविसावे उठला.
त्याची कंपनी बुडाली, तीन महिने पगार नाही,
हे सगळ्यांना माहीत,
म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.
त्याने टेबलावर पाण्याची बाटली ठेवली.
अर्धी.

"जुलैत साइटवर पडलो होतो," तो म्हणाला.
"दिलबहादूरने यातलं अर्धं डोक्यावर ओतलं.
राहिलेलं हे."

काकांचा आवाज पहिल्यांदाच बसला.
अर्ध्या बाटलीची बोली कुठून सुरू करायची?
एसी तेवढा बोलत होता.

या बेटाच्या समुद्रात तळाशी गोडे झरे होते म्हणे;
मोती काढणारे कातडी पखाल घेऊन बुडी मारत,
खाऱ्याच्या पोटातून गोडं वर आणत.
हे तेव्हा आठवलं असं नाही,
आता लिहिताना आठवतंय.
तेव्हा फक्त माझाच आवाज माझ्या कानावर आला :
"सात दिनार."
सातच का? पर्समध्ये तेवढेच होते.

एक वार. दोन वार.
बोली कोणी चढवली नाही.
वहीत लिहिलं : पाणी. याकोब. मी. सात.

काकांनी डोळे मिटले, आभार मानू लागले,
भोपळ्याबद्दल, अंड्यांबद्दल,
दिलबहादूरबद्दल, जो कुणाला हात जोडतो
आम्हाला ठाऊक नाही,
तोच दार वाजलं. साडेबारा.
फिलिपिनो बाया केक घेऊन उभ्या,
हसऱ्या, घड्याळाकडे मुद्दाम न बघणाऱ्या.
आम्ही खुर्च्या सरळ केल्या.
प्रार्थना तिथेच सुटली.

लिफ्टमध्ये मी, छातीशी बाटली,
आणि याकोब, ज्याच्या हातात कोणीतरी
काही न बोलता तो भोपळा दिलेला.
तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी
मी म्हटलं, "आमेन."

"कशाचं?" त्याने विचारलं.

"राहिलं होतं."